वाईतलं घर : भाव कशाचा आणि नाव कुणाचं?

 

आज घराविषयी बोलायचं आहे. गटाच्या कर्जमागणी अर्जावर पूर्वी कारणं ठरलेली असायची. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, मुलीची फी. आता एक नवं कारण वरचेवर दिसतं. "वाईत घर घ्यायचंय, इसाराला कमी पडतंय." आपल्या तालुक्यातल्या गावांना वाई म्हणजे बाजार, दवाखाना, शाळा, कोर्ट, कचेरी, एसटी स्टँड. मुलांना शाळेजवळ ठेवावं, सासऱ्यांचा दवाखाना जवळ व्हावा, ही इच्छा चांगलीच आहे. पण इसार देण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकीला यायला हवीत. आपण देतोय तो भाव नेमका कशाचा? आणि त्या घराच्या कागदावर नाव कुणाचं लागणार?

ज्या बहिणींचं बाजाराचं गाव फलटण असेल, कोरेगाव असेल किंवा दुसरं कुठलं, त्यांनी गावाचं नाव बदलून ऐकावं. हिशोब तोच लागू पडतो.

वाईला एवढा भाव का?

वाई काही नव्यानं वसलेलं गाव नाही. कृष्णेच्या काठी, पसरणी घाटाच्या पायथ्याला हे गाव आहे. घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटानं पोलादपूर-महाड, म्हणजे खाली कोकण. देशावरचा माल आणि कोकणातला माल या वाटेनं येणार-जाणार, तर पायथ्याला बाजार भरणारच. पेशव्यांच्या काळात रास्ते सरदारांनी इथं वाडे, घाट, देवळं बांधली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्ते घराण्यातल्या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, अशा नदीकाठच्या आळ्या. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की एकेका घाटाची पाळी लागते. पुढं मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चाललं. आणि आता सिनेमावाले घाटावर कॅमेरे लावून बसतात, ते तर आपण बाजाराला जाता-येता बघतोच.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की वाईत जागा कमी आणि मागणी जुनी. एका बाजूला नदी, एका बाजूला डोंगर, मध्ये आळ्या. जुनं गाव रबरासारखं ताणता येत नाही. त्यात मागणारे वाढले. पुण्याहून वाई दोन-अडीच तासांवर. नोकरीतून निवृत्त झालेले, सुट्टीपुरतं घर हवं असलेले लोक इकडं बघतात. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर आहे, तिथं बांधकामावर बंधनं आहेत. डोंगरावर जमत नाही म्हटल्यावर पायथ्याला चौकशी होते. आणि तिसरे आपण, आजूबाजूच्या गावांतले, ज्यांना शाळा-दवाखान्यासाठी गावात यायचंय.

आता बघा, शहरातून येणारा माणूस शहराचा पगार आणि शहरातल्या फ्लॅटचा भाव डोक्यात ठेवून येतो. त्याला वाईतला भाव स्वस्त वाटतो. आपण उसाच्या बिलावर, दुधाच्या पगारावर आणि बाजारातल्या पाटीवर हिशोब करतो. आपल्याला तोच भाव डोंगराएवढा वाटतो. भाव एकच, खिसे दोन. जागा विकणारा कुणाच्या खिशाकडं बघून भाव सांगणार, हे वेगळं सांगायला नको.

भावात काय काय असतं?

आपल्याला वाटतं घराचा भाव म्हणजे विटा, वाळू, सिमेंट, सळई. तसं असतं तर पसरणीत आणि मधल्या आळीत सारख्याच खोलीला सारखाच भाव आला असता. भावात बाकीच्या पाच गोष्टी असतात.

पहिली, अंतर. बाजार, स्टँड, शाळा, दवाखाना पायी किती लांब? पायी दहा मिनिटांचं घर महाग आणि दोन किलोमीटरवरचा प्लॉट स्वस्त, हे बरोबरच आहे. पण तो स्वस्त प्लॉट घेतल्यावर पोरांना शाळेत सोडायला, दळण आणायला, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला कोण जाणार? गाडी चालवणारा माणूस सकाळी कामावर गेला की मागं पाय कुणाचे मोडतात? बाईचे. म्हणून लांबच्या स्वस्त घराची राहिलेली किंमत बाई रोज चालून फेडत असते.

दुसरी, पाणी. नगरपालिकेचा नळ आहे का, किती वेळ येतो, उन्हाळ्यात येतो का? बोअरवर भरवसा असेल तर मे महिन्यात जाऊन बघा. पावसाळ्यात दाखवलेली बोअर सगळ्यांचीच भरलेली असते.

तिसरी, पूर. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी आदळू नये, दोन्ही बाजूंनी फुटून जावं, म्हणून ती तशी बांधली असं सांगतात. अडीचशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना नदी माहीत होती. आज जागा विकणाऱ्यालाही माहीत असते, पण तो बोलत नाही. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बंधनं असतात. नदीजवळची जागा असेल तर नगरपालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन सर्व्हे नंबर सांगा आणि रेषा कुठून जाते ते विचारा. शेजारच्या म्हातारीलाही विचारा, "आज्जी, पाणी कुठवर येतं?" ती पायरी दाखवून सांगेल.

चौथी, घराचं वय. जुना वाडा दिसायला देखणा. ओटा, चौक, माजघर, लाकडी खांब. पण वासे पोखरलेले असतील, मातीच्या भिंतीत ओल असेल, तर दुरुस्तीचा खर्च भावात धरावाच लागतो. शिवाय आत जुने भाडेकरू असतील तर घर विकत घेतलं तरी खोल्या आपल्या हातात येत नाहीत.

पाचवी आणि सगळ्यात मोठी, कागद. ज्याचे कागद साफ, ते घर महाग. एखादं घर आजूबाजूच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर समजायचं की त्यातली स्वस्ताई कागदात लपलेली आहे.

सरकारी भाव आणि बाजारभाव

जागेला दोन भाव असतात. एक बाजारात बोलला जातो तो, आणि दुसरा सरकारच्या तक्त्यात असतो तो. त्याला वार्षिक मूल्यदर तक्ता म्हणतात, बोलीभाषेत रेडी रेकनर. कोणत्या भागात चौरस मीटरला किती दर, ते त्यात लिहिलेलं असतं. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर तो कुणालाही बघता येतो. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगितलं तर ती मोबाईलवर काढून देईल. बाजारभाव आणि तक्त्यातला भाव यांत जो जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क म्हणजे स्टँप ड्यूटी भरावी लागते.

मोजमापाचाही घोळ असतो. तक्ता चौरस मीटरमध्ये, एजंट बोलतो चौरस फुटात, आणि गावाकडचा माणूस गुंठ्यात. लिहून ठेवा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. फ्लॅट घेत असाल तर चटई क्षेत्र किती, म्हणजे भिंतीच्या आत प्रत्यक्ष वापरायची जागा किती, तेवढंच विचारा. जिना आणि गच्ची धरून सांगितलेला आकडा ऐकून हुरळून जाऊ नका.

आणि एक सवय फार वाईट आहे. "थोडे रोख द्या, कागदावर कमी दाखवू." घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकराच्या कायद्यानं मनाई आहे. आणि व्यवहार मोडला तर रोख दिलेल्या पैशाला पुरावा काय? बँकही कर्ज देताना कागदावरची किंमत बघते. पैसे चेकनं किंवा खात्यावरून द्या. खात्यातली नोंद तुमच्या बाजूनं बोलते.

राहायला जायचं की येऊन-जाऊन करायचं?

घर घ्यायच्या आधी हा हिशोब एकदा मांडा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ज्या ताईला मुलीच्या कॉलेजसाठी किंवा स्वतःच्या भाजीच्या धंद्यासाठी वाईत खोली हवी आहे, तिनं आधी महिन्याचं अर्धं तिकीट आणि खोलीचं भाडं शेजारी शेजारी लिहावं. समजा अर्ध्या तिकिटानं येऊन-जाऊन रोज ४० रुपये लागतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४० रुपये. खोलीचं भाडं ३,००० धरलं, वर वीज आणि पाणी. पैशात येणं-जाणं स्वस्त. पण गाडी चुकली तर तास जातो, संध्याकाळी शेवटच्या गाडीची धास्ती, मुलीचा अंधारातला रस्ता. तेही लिहा. पैसा एका रकान्यात, वेळ आणि धास्ती दुसऱ्या रकान्यात. मग घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा.

गावातल्या राहणीचाही हिशोब वेगळा. खेड्यात बांधावरची भाजी, गोठ्यातलं दूध, परसातलं सरपण, याला पैसा मोजत नाही म्हणून ते दिसत नाही. वाईत फ्लॅटवर गेलं की कोथिंबिरीच्या जुडीपासून सगळं विकत. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च वेगळा. शेळी ठेवता येत नाही, कुरडया-पापड वाळवायला अंगण नाही. म्हणजे ज्या कामांतून बाईच्या हातात चार पैसे यायचे, ती कामंही सुटतात. उलट नळ घरात येतो, हंडे वाहणं थांबतं, दवाखाना जवळ येतो, पोरीचं शिक्षण पुरं होतं. दोन्ही पारडी खरी आहेत. एकच पारडं दाखवणाऱ्याचं ऐकू नका.

भाड्यानं खोली घेणाऱ्या बहिणींनो, भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो. तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट दिलं तर पावती घ्या किंवा खात्यावरून द्या. तोंडी व्यवहारात खोली सोडताना डिपॉझिटची भांडणं होतात आणि त्या वेळी हातात कागद नसतो.

कर्जाचा खरा आकडा

आता कर्जाकडं येऊ. समजा बँकेकडून १० लाखांचं घरकर्ज काढलं, व्याज दरसाल ९ टक्के, मुदत १५ वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १०,१४३ रुपये. पंधरा वर्षांत बँकेला जातात सव्वाअठरा लाखांच्या आसपास. मुदत २० वर्षं केली तर हप्ता ९,००० च्या जवळ उतरतो, पण एकूण जातात साडेएकवीस लाखांहून जास्त. हप्ता हजार-अकराशेनं कमी दिसतो आणि एकूण तीन लाखांहून जास्त वाढतात. बँकेत गेल्यावर हप्ता किती हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, "एकूण किती भरायचे?"

घरकर्ज कधीच घराच्या पूर्ण किमतीएवढं मिळत नाही. काही रक्कम आपली घालावी लागते. आणि तिथंच आपल्या गटाचं कर्ज येतं. बऱ्याच गटांत अंतर्गत कर्जाचं व्याज महिन्याला शेकडा २ रुपये असतं. ऐकायला २ टक्के, वर्षाचे होतात २४ टक्के. एक लाख घेतले तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज २,०००. शेळी घेतली तर शेळी विते, मशीन घेतली तर शिवण मिळते, त्यातून हप्ता निघतो. राहतं घर महिन्याला काही कमवून देत नाही. गटाचं कर्ज छोट्या मुदतीच्या, फिरत्या कामासाठी असतं. ते घराच्या इसारात अडकवलं की वर बँकेचा हप्ता आणि खाली गटाचा हप्ता, अशा दोन जात्यांत एकच बाई दळली जाते. आणि तिचा हप्ता थकला की गटातल्या बाकीच्या बायकांची पत जाते, कारण बँकेचं कर्ज सगळ्यांनी मिळून घेतलेलं असतं.

कागद कोणते बघायचे?

नगरपालिकेच्या हद्दीत घर असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघायचं. ते नगर भूमापन खात्याकडं असतं, ऑनलाईनही निघतं. त्यावर मालक कोण, किती वारस, कुणाचा बोजा, हे सगळं येतं. जुन्या वाड्याच्या कार्डावर दहा-बारा नावं निघतात. एक पुण्याला, एक मुंबईला, एक वारलेला आणि त्याच्या वारसांची नोंद नाही. अशा वाड्याचा व्यवहार एकाच भावाबरोबर ठरवला तर उरलेले पुढं दारात येतात.

नगरपालिकेची घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव असणं चांगलं, पण तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. मालकी खरेदीखतानं, म्हणजे दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेल्या कागदानं येते. स्टँपवर लिहून नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे.

गावाबाहेरच्या गुंठ्यांच्या बाबतीत जास्तच जपा. शेतजमिनीचे तुकडे पाडून सामाईक सातबाऱ्यावर जागा विकल्या जातात. बिगरशेती परवाना आहे का, मंजूर नकाशा आहे का, रस्ता कागदावर आहे का, हे आधी बघा. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडं बदल झालेत, म्हणून आजचा नियम काय आहे ते रजिस्टर ऑफिसात आणि तलाठ्याकडं विचारूनच पुढं जा.

नव्या इमारतीत फ्लॅट घेत असाल, तर जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर त्या प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते. त्याचा नंबर मागा. अशा प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय बिल्डरनं किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असा कायदा आहे.

ज्यांचं घर खेड्यातच गावठाणात आहे त्यांनी मागं पडलो असं समजू नये. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून घरांच्या मिळकत पत्रिका तयार होताहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर त्यावर कुणाचं नाव चढलंय ते आधी बघून या.

नाव कुणाचं?

आता मूळ मुद्दा. इसाराचे पैसे गटातून आले, म्हणजे कर्ज बाईच्या नावावर. गटाच्या बैठकीला जाणार ती, हप्ता भरणार ती, थकला तर बोलणी खाणार ती. आणि खरेदीखतावर नाव कुणाचं? नवऱ्याचं, सासऱ्याचं, नाहीतर दिराचं. घराचा भाव दहा वर्षांत दुप्पट झाला तरी तिच्या वाट्याला कागदावर काहीच येत नाही. पुढं तंटा झाला, नवरा वारला, तर ज्या घराचे हप्ते तिनं भरले त्याच घरात राहण्यासाठी तिला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं.

यावर उपाय आहे आणि त्यात सरकारची सवलतही आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावानं, किंवा फक्त बायकांच्या नावानं खरेदी केलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. २० लाखांच्या घरावर २०,००० रुपये वाचतात. सुरुवातीला अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. लक्षात ठेवा, नवरा-बायको दोघांच्या नावानं घेतलं तर ही सूट नाही. तरीही दोघांच्या नावानं घेणं हे एकट्या त्याच्या नावापेक्षा कितीतरी बरं. घरात बोलताना "माझ्या नावावर करा" म्हणायला जड जातं, हे मला कळतं. तर असं म्हणा, "माझ्या नावावर घेतलं तर वीस हजार वाचतात." पैशाची भाषा घरात लवकर पटते.

घर आधीच नवऱ्याच्या नावावर असेल तरी वाट आहे. राहतं घर बायकोच्या किंवा मुलांच्या नावे बक्षीसपत्रानं करून द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागतो, तो रजिस्टर ऑफिसात विचारा. ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची सोयही महाराष्ट्रात २००३ पासून आहे. ग्रामसेवकाकडं अर्ज द्यायचा. त्यानं खरेदीखतासारखी मालकी येत नाही, पण नोंद होते आणि उद्या उपयोगी पडते.

माहेरच्या वाड्यावरची सही

आणि शेवटचा मुद्दा, थोडा नाजूक आहे. जागेला भाव आला की माहेरहून निरोप येतो. "अक्का, जरा सहीला ये." भाऊ न्यायला येतो, साडीचोळी होते, वहिनी पुरणपोळी करते, आणि रजिस्टर ऑफिसात हक्कसोडपत्रावर अक्काची सही होते. कितीदा तर कागद वाचलेलाही नसतो.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायदा बदलला तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क राहतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदलेली वाटणी मात्र मोडत नाही. घर वडिलांच्या स्वकष्टाचं असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख बहिणींना लागू आहे. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या कायद्यात वेगळा सांगितलेला आहे, पण वाटा त्यांनाही आहे.

आता हिशोब करा. वडिलांच्या स्वकष्टाचा जुना वाडा, आज त्याची किंमत समजा ४० लाख. मागं आई, दोन भाऊ, दोन बहिणी. पाच वाटे, प्रत्येकाला ८ लाख. म्हणजे साडीचोळीच्या दिवशी केलेली ती एक सही ८ लाखांची असते. भावाचं प्रेम खरं असू शकतं आणि ८ लाखही खरे असतात. हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा आहे, कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. पण किती सोडतोय ते माहीत असताना सोडा. कागद आदल्या दिवशी घरी मागून घ्या, शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागं फिरवणं फार अवघड असतं. आणि सही न करताही भावाकडं दिवाळीला जाता येतं, हेही मनाशी धरून ठेवा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथं साधा अर्ज द्यायचा.

गटानं काय करावं?

बैठकीत घरासाठी कर्जाची मागणी आली तर नाही म्हणून विषय संपवू नका आणि डोळे झाकून हो पण म्हणू नका. चार प्रश्न विचारा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा बघितला का? बँकेचा हप्ता आणि गटाचा हप्ता मिळून महिन्याच्या मिळकतीत बसतो का? पैसे खात्यावरून जाणार का? आणि खरेदीखतावर ताईचं नाव लागणार का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर "बघू" असेल, तर गटानंही "बघू" म्हणावं. गटाचा ठराव आहे असं सांगितलं की ताईला घरात बोलायला आधार मिळतो. जे एकटीला मागता येत नाही ते दहा जणींच्या ठरावानं मागता येतं, गट त्यासाठीच तर काढलाय.

या महिन्यात एक काम करा. आपण आज ज्या घरात राहतो त्याचा कागद पुढच्या बैठकीला घेऊन या. घरपट्टीची पावती असो, आठ नंबरचा उतारा असो की मिळकत पत्रिका. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. किती जणींचं नाव निघतं ते बोटांवर मोजा आणि तो आकडा इतिवृत्ताच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. वर्षभरानं पुन्हा मोजू.